‘फायर’ म्हणजे नुसता सहा महिन्यांचा डिप्लोमा नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

बारावीच्या निकालानंतर आपण काढलेल्या करिअर पुरवणीत ‘फायर’, म्हणजे अग्निशमन आणि अग्निसुरक्षा, हे क्षेत्र चार ओळींत उरकलं आहे. ‘पात्रता दहावी, कालावधी सहा महिने, नोकरीची हमी.’ शेजारी हातात नळी धरलेल्या जवानाचा फोटो. त्याच पानाच्या तळाशी एका खासगी संस्थेची जाहिरात, जवळपास त्याच शब्दांत. मजकूर कुठे संपला आणि जाहिरात कुठे सुरू झाली हे कळायला मला जरा वेळच लागला. माझं पोट याच क्षेत्रावर चालतं, म्हणून हे पत्र. लांबलं तर खुशाल कात्री लावा, फक्त डिप्लोमाचा भाग तेवढा कापू नका.

मी मूळची हिंगणघाटची. वडील एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढून गाठी बांधणाऱ्या कारखान्यात, फिटर होते. कापसाच्या गावात आगीचं कुणाला नवल नसतं, ती हंगामाबरोबर येते. वेचलेल्या कापसात एखादा खडा नाही तर लोखंडाचा तुकडा येतो, जिनमध्ये घासतो, ठिणगी पडते, आणि रुईच्या ढिगावरून जाळ असा पळतो की माणसाला मागे सरायला फुरसत मिळत नाही. तो जाळ निदान दिसतो. खरा त्रास गाठीचा. १७० किलोची दाबून बांधलेली गाठ वरून भिजवली, काळी पडली, सगळे हुश्श करून घरी गेले, तरी आत ती धुमसत असते, कधीकधी काही दिवस. तीच गाठ गोदामात इतर गाठींमध्ये नेऊन ठेवली की पुन्हा पेट घेते. पाणी तिच्या अंगावरून ओघळून जातं, आत शिरत नाही. बाबा म्हणायचे, जळकी गाठ कापून उघडल्याशिवाय विझली असं म्हणू नये. पाण्यात ठरावीक द्रव्य थोड्या प्रमाणात मिसळलं की त्याचा पृष्ठताण कमी होतो आणि ते कापसात मुरतं, हे मला पुढे कॉलेजात कळलं. बाबांच्या जिनिंगमध्ये ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

१४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ हे जहाज उडालं, त्यातही कापूसच होता. कराचीत चढवलेल्या गाठी, आणि त्याच जहाजात सुमारे १,४०० टन दारूगोळा. दुपारी धूर दिसला, बंबवाल्यांनी पाणी मारून मारून जहाज भरत आणलं, पण आतली आग हाती लागली नाही, आणि चार वाजून गेल्यावर स्फोट झाला. मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जण त्यात गेले. दर वर्षी १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात तो त्यांच्यासाठी. आपल्याच वर्तमानपत्रात त्या दिवशी हार घातलेल्या स्मारकाचा फोटो येतो, पण धुमसता कापूस पाण्याला दाद का देत नाही, हे काही कधी छापून येत नाही.

मी बारावीनंतर नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयात जायचं ठरवलं तेव्हा शेजारच्या काकूंनी आईला विचारलं होतं, ‘आग इझवाले कालेज कायले लागते वं?’ आई काही बोलली नाही, कारण तिच्याही मनात तेच होतं.

हे महाविद्यालय केंद्रीय गृह मंत्रालयाचं. १९५६ मध्ये उत्तर प्रदेशातल्या रामपूरला सुरू झालं आणि पुढच्या वर्षी नागपूरला आलं. त्याच १९५६ मध्ये अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठाने फायर प्रोटेक्शनचा पदवी अभ्यासक्रम सुरू केला. म्हणजे निघताना आपण मागे नव्हतो. तिकडे पहिल्यापासून विद्यापीठात इंजिनीअर घडवायचे होते. इकडे आधी देशभरच्या अग्निशमन दलांना शिकलेले अधिकारी पुरवायचे होते, बी.ई. फायर ही पदवी मागाहून आली. आज ती चार वर्षांची आहे आणि राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाची आहे. मुलींच्या आयांसाठी सांगते, या कॉलेजात प्रवेश घेणारी पहिली मुलगी नागपूरचीच, हर्षिनी कान्हेकर, साल २००२. पुढे त्या ओएनजीसीत गेल्या. त्यांच्यानंतर आलेल्या आम्हा मुलींना निदान ‘अशी कुणी आधी आली होती का’ हा प्रश्न तरी कुणी विचारला नाही.

तिथे शिकवतात काय? सकाळी परेड आणि ड्रिल असतं. होज, म्हणजे पाण्याची नळी, खांद्यावर घेऊन पळायचं, शिडी चढायची, पाठीवर श्वसनयंत्राचा जड संच बांधून धुराने भरलेल्या खोलीत भिंत चाचपत रांगायचं. फोटोत येतो तो एवढाच भाग. उरलेला दिवस वर्गात आणि प्रयोगशाळेत जातो: गणित, द्रवगतिशास्त्र, ज्वलनाचं रसायन, इमारत बांधणी, विजेचे धोके, कारखान्यातले धोके. बंद खोलीत सोफा पेटला तर छताखाली तापलेला धूर साठतो, त्याचं तापमान सुमारे ६०० अंशांवर गेलं की खोलीतलं जे जे जळू शकतं ते सगळं जवळजवळ एकदम पेटतं. त्याला फ्लॅशओव्हर म्हणतात. त्याच्या आधीची काही मिनिटं आणि नंतरची यांत जगण्या-मरण्याचं अंतर असतं, आणि ती मिनिटं मोजता येतात. सोफ्यातला फोम दर सेकंदाला किती उष्णता सोडतो, खिडकी किती मोठी, छत किती उंच, यावरून गणित मांडता येतं. पोलादी खांब ५५० अंशांच्या आसपास निम्म्या ताकदीचा होतो. मग त्यावर किती जाडीचा लेप द्यावा म्हणजे तो दोन तास उभा राहील? हेसुद्धा गणितच आहे.

९ मे २०१५ ला काळबादेवीच्या गोकुळ निवासला आग लागली. जुनी, लाकडाची इमारत. तिच्या कोसळण्याने मुंबई अग्निशमन दलाचे चार अधिकारी गेले, त्यांत मुख्य अधिकारी सुनील नेसरीकर आणि उपमुख्य अधिकारी सुधीर अमीन होते. आम्ही मित्रमैत्रिणी त्या आठवड्यात एकमेकांना फोन करत होतो आणि प्रत्येकाच्या बोलण्यात हेच येत होतं की जळती इमारत अजून किती वेळ उभी राहील, हे बाहेर उभं राहून कसं ओळखावं, याचा आपल्याकडच्या जुन्या लाकडी चाळींवर बसून कुणी नीट अभ्यास केलेला नाही. परदेशातली सूत्रं परदेशातल्या बांधकामाची. गिरगाव-भुलेश्वरच्या सागवानी तुळयांवर पीएच.डी. करण्याजोगं काम पडून आहे. कुणी हुशार मुलगा-मुलगी हे वाचत असेल तर विषय फुकट देते.

आणि धूर. लोक आगीला घाबरतात, पण बहुतेकदा मारतो धूर. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर मुंबईत कमला मिल्सच्या आवारातल्या आगीत १४ जण गेले, त्यांतले बरेच स्वच्छतागृहात गुदमरून. जीव वाचवायला माणूस ओळखीच्या दाराकडे नाही तर पाण्याकडे धावतो, हे माणसांच्या वागण्याचं शास्त्रसुद्धा आम्हाला शिकावं लागतं, कारण दार कुठे ठेवायचं हे त्यावरून ठरतं. राष्ट्रीय बांधकाम संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीत चौथा भाग पूर्ण याच विषयाला दिला आहे. रुग्णालयाचा जिना २ मीटर रुंद हवा असं ती म्हणते. खाटेवरच्या रुग्णाला चादरीत घेऊन दोघं उतरत असतील आणि खालून बंबवाले चढत असतील, तर २ मीटर म्हणजे काही चैन नव्हे. भंडारा जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे नवजात शिशू कक्षात १० बाळं गेली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये विरारच्या रुग्णालयात आणि नोव्हेंबरमध्ये नगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभाग पेटले. अतिदक्षता विभागात प्राणवायू सतत वाहत असतो, तो खोलीत साठत गेला की एरवी जेमतेम धुमसणारी वस्तू भडकते. तिथला रुग्ण स्वतः उठून पळू शकत नाही. म्हणजे तिथे जिना रुंद करून भागत नाही. त्याच मजल्यावर आगीला अडवणाऱ्या भिंतीपलीकडे खाटा सरकवता येतील अशी जागा लागते, आणि ती इमारतीचा नकाशा कागदावर असतानाच ठरवावी लागते. त्या वर्षी ‘फायर ऑडिट’ हा शब्द सगळ्यांच्या तोंडी झाला. ऑडिट इमारत उभी राहिल्यावर होतं. भिंत तेव्हा हलवता येत नाही.

आता नोकऱ्यांचं. आपल्या पुरवणीत ‘अग्निशमन दल, कारखाने, आखाती देश’ असं एका दमात लिहिलं आहे. मी माझ्या बॅचच्या मुलामुलींकडे बघून सांगते.

काही जण महानगरपालिकांच्या दलांत अधिकारी झाले, काही एमआयडीसीच्या अग्निशमन सेवेत. ही सरकारी वाट, जाहिरात निघेल तेव्हा निघेल. उंची, छाती, दृष्टी, सगळं तपासतात, आणि रात्री-अपरात्री उठण्याची तयारी आयुष्यभर ठेवावी लागते. एक वर्गमित्र विमानतळावर आहे. धावपट्टीच्या कुठल्याही टोकाला तीन मिनिटांच्या आत गाडी पोहोचलीच पाहिजे असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे, त्यामुळे त्याचं आयुष्य घड्याळाला बांधलेलं. माझी स्वतःची पहिली नोकरी तेलशुद्धीकरण कारखान्यात. पेट्रोलच्या टाकीवर पाणी मारून उपयोग नसतो, पाणी जड, ते तळाशी जातं. वर फेसाची चादर पसरवावी लागते, आणि ती किती जाड, किती वेळ, त्यासाठी फेसाचं द्रावण किती साठवून ठेवायचं हे टाकीच्या व्यासावरून काढावं लागतं. तिथे मी शिफ्टमध्ये काम केलं आणि मुलगी झाल्यावर सोडलं.

आता पुण्यात एका सल्लागार कंपनीत स्प्रिंकलर (छतातून पाणी फवारणारी तोंडं), हायड्रंट (बंबाची नळी जोडायचे नळ), अलार्म, धूर काढणारे पंखे यांची डिझाइन करते. सिनेमात एक काडी पेटवली की सगळ्या छतातून पाऊस पडतो, तसं काही नसतं. प्रत्येक स्प्रिंकलरच्या तोंडाशी काचेची एक बारीकशी कुपी असते. लाल असेल तर ६८ अंशांना फुटते, हिरवी ९३ ला. ज्याच्याखाली आग तोच उघडतो, फार तर आजूबाजूचे. माझा अर्धा दिवस जातो तो सगळ्यात दूरच्या स्प्रिंकलरला पुरेसा दाब मिळेल का, हे पाहण्यात. भिवंडीच्या गोदामात मालकाने रॅकची उंची दुप्पट केली की छतावरचे तेच स्प्रिंकलर अपुरे पडतात, हे त्याला पटवण्यात उरलेला अर्धा.

विमा कंपन्यांत माझी एक मैत्रीण आहे. पॉलिसी देण्याआधी कारखाना फिरून येणं आणि ‘इथे धोका कुठे दबा धरून बसलाय’ हे लिहून देणं हे तिचं काम. सूतगिरण्या, साखर कारखान्यातले बगॅसचे, म्हणजे उसाच्या चोथ्याचे, डोंगर, थर्माकोलसारख्या भिंतींची शीतगृहं असं सगळं तिने पालथं घातलं आहे. ऐरोली-महापे भागात जी डेटा सेंटर उभी राहत आहेत तिथे पाण्याने यंत्रांचं नुकसान होतं म्हणून वायूने आग विझवायच्या यंत्रणा बसतात, त्यांना माणसं हवी आहेत. मुंबईच्या आरे ते कफ परेड भुयारी मेट्रोत आग लागली तर पंख्यांनी धूर एका दिशेला ढकलायचा आणि प्रवाशांना दुसऱ्या दिशेने चालवायचं, याचं गणितही आमच्याच लोकांचं. उच्च शिक्षणासाठी अमेरिकेत मेरीलँड आणि वूस्टर पॉलिटेक्निक आहेत, युरोपात गेंट, लुंड, एडिंबरा अशा विद्यापीठांची मिळून एम.एस्सी. आहे. देशात नागपूरखेरीज कोचीन विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठात सेफ्टी अँड फायर इंजिनिअरिंगची बी.टेक. आहे. आखातातही पुष्कळ जण जातात, पैसे बरे मिळतात. माझ्या बॅचमधल्या चांगल्या डोक्यांची बरीच पोरं तिकडेच स्थिरावली आणि मला त्यांचा राग येत नाही.

आग कशी लागली हे शोधणारे लोकही आमच्यातलेच. इथे आपल्यालाच एक टोला मारते, राग मानू नये. आगीच्या बातमीत शेवटी ‘प्राथमिक अंदाज शॉर्टसर्किटचा’ हे वाक्य ठरलेलं असतं. जळालेल्या वायरला वितळून गोळा झालेला दिसतो हे खरं. पण आग आधी लागली आणि तिने वायरीचं आवरण जाळलं, तरीही तसाच गोळा होऊ शकतो. कारण कोणतं आणि परिणाम कोणता, हे ओळखायला राखेत बसावं लागतं, आणि आम्ही बसायच्या आत जागा झाडून साफ झालेली असते.

आता डिप्लोमा. सहा महिन्यांचा म्हणून कुठलाही अभ्यासक्रम वाईट, असं माझं म्हणणं नाही. राज्य अग्निशमन सेवा संचालनालयाच्या सांताक्रूझ-कालिन्याच्या प्रशिक्षण केंद्रात अग्निशामकाचा सहा महिन्यांचाच अभ्यासक्रम आहे, तो खणखणीत आहे, आणि त्यातून बाहेर पडलेला जवान मला माझ्या पदवीसकट गुंडाळून खिशात टाकील इतका तयार असतो. कारखान्यात सेफ्टी ऑफिसर व्हायचं असेल तर औद्योगिक सुरक्षेची पदविका आहे, राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाची. या तीन वेगवेगळ्या वाटा आहेत: आग विझवणारा जवान, कारखान्यातला सुरक्षा अधिकारी आणि यंत्रणा आखणारा इंजिनीअर. तिघांचीही गरज आहे आणि एकाचं काम दुसऱ्याला येत नाही. आपल्या पुरवणीने तिन्हींची खिचडी केली आणि वर हमी लिहिली.

त्या हमीची गोष्ट माझ्या घरातच आहे. आत्येभावाचा मुलगा, बारावीला बेताचे गुण, तालुक्याच्या गावी एका संस्थेत ‘फायर अँड सेफ्टी’ला गेला. बापाने सोयाबीन विकून फी भरली. वर्ग होता गाळ्यात, दुकानांच्या रांगेत. पंप पुस्तकात पाहिला. होज प्रत्यक्ष सोडली ती एकदाच, फोटोसाठी. प्रमाणपत्रावर ठळक अक्षरात ‘गव्हर्नमेंट रजिस्टर्ड’. हे दोन शब्द नीट वाचा, कारण सगळी गंमत तिथे आहे. नोंदणी झालेली असते ती संस्थेची, ट्रस्ट किंवा कंपनी म्हणून. अभ्यासक्रमाला मान्यता आहे का, कुणाची, आणि अग्निशामकाच्या भरतीत ते प्रमाणपत्र चालतं का, हे कागदावर कुठेच नसतं. मुलाने अर्ज केला तेव्हा ते चाललं नाही. हमीची नोकरी मिळाली चाकणला एका गोदामात. पाठीवर ‘सेफ्टी’ छापलेलं जॅकेट, काम गेटवर ट्रकची नोंद करायचं. त्याच्या सोबतचे काही जण कारखान्यांच्या शटडाउनमध्ये, म्हणजे दुरुस्तीसाठी कारखाना बंद असताना, ‘फायर वॉच’ म्हणून जातात. वेल्डिंग चालू असताना हातात एक्स्टिंग्विशर घेऊन ठिणग्यांकडे बघत उभं राहायचं. कामात कमीपणा काहीच नाही, जबाबदारीचं काम आहे. पण शटडाउन संपला की काम संपतं, आणि ते शिकायला एवढी फी लागत नाही.

तेव्हा पालकांनी पैसे भरण्याआधी संस्थेला विचारावं: या अभ्यासक्रमाला मान्यता कुणाची, त्या मान्यतेचं पत्र दाखवा. तुमचा पंप, शिडी, श्वसनसंच कुठे आहे, चालवून दाखवा. गेल्या वर्षीच्या मुलांपैकी कुणाशी तरी आम्हाला बोलू द्या. उत्तर देताना समोरचा चहा मागवू लागला तर उठावं. आणि आपण, संपादक महोदय, त्या चार ओळींची दुरुस्ती छापावी, कारण प्रवेश सुरू आहेत.

एवढं सगळं असून पदवीची पोरं बाहेर का जातात? कारण इथे आमच्या कामाला मागणी कायद्याने आहे आणि मनाने नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ चा आहे, देशात चांगल्यांपैकी म्हणावा असा. त्याप्रमाणे यंत्रणा सुस्थितीत असल्याचं प्रमाणपत्र परवानाधारक एजन्सीकडून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, घ्यायचं असतं. तो ‘फॉर्म बी’. एजन्सीला पैसे देणारा तोच, ज्याची इमारत तपासायची. मग काय होतं ते वेगळं सांगायला नको. मला एका सोसायटीच्या सेक्रेटरींनी फोनवर पहिला प्रश्न विचारला तो ‘मॅडम, फॉर्म बीचे किती घ्याल?’ आणि दुसरा, ‘यावंच लागेल का?’ मी गेले. होजरीलच्या, म्हणजे गुंडाळून ठेवलेल्या पाण्याच्या नळीच्या, कपाटात मुलांचे स्केट्स. हायड्रंटचं पितळी नोझल गायब, भंगारात किलोवर जातं ते. डिझेल पंपाची बॅटरी मेलेली. जिन्याचं आगरोधक दार हवेसाठी पाचर मारून कायमचं उघडं, आणि वरच्या मजल्यांच्या लोकांनी आगीत येऊन थांबायच्या मोकळ्या जागेत बॅडमिंटनचं नेट. अलार्म पॅनेल ‘सारखं वाजतं’ म्हणून बंद. मी यादी करून दिली. प्रमाणपत्र त्यांना दुसऱ्या कुणाकडून तरी मिळालं असणार, माझ्याकडे ते परत आले नाहीत.

नव्या इमारतींतही तेच. आर्किटेक्ट आणि स्ट्रक्चरल इंजिनीअर पहिल्या बैठकीपासून टेबलाशी असतात. मला बहुधा बोलावणं येतं ते जिने, शाफ्ट, पार्किंग सगळं ठरल्यावर, ‘एनओसीपुरतं बसवून द्या’ म्हणून. दोन जिने एकमेकांना चिकटून असतील तर एकाच धुरात दोन्ही बुडतात, हे त्या वेळी सांगून काय उपयोग? म्हणून माझी शासनाकडे मागणी नव्या कॉलेजांची नाही. आर्किटेक्चर, सिव्हिल आणि इलेक्ट्रिकल शिकणाऱ्या प्रत्येक मुलाला आगीचा एक पूर्ण विषय असू द्या, परीक्षेला बसून पास व्हावं लागेल असा. आणि शाळा, रुग्णालय, मॉल, उंच इमारत यांच्या नकाशावर पहिल्याच टप्प्यात फायर इंजिनीअरची सही घ्या, पुढे काही झालं तर तोही उत्तरदायी राहील अशी. सही आली की पगार येतो, पगार आला की पोरं इथे राहतात. नगरपरिषदांत बंब आहे आणि तो चालवायला पुरेशी माणसं नाहीत, हा वेगळाच विषय, त्यावर पुन्हा केव्हा तरी.

जुलै जवळ आला आहे. ज्या सोसायट्यांत हे पत्र वाचलं जाईल तिथल्या सेक्रेटरींनी या वेळी एजन्सीच्या माणसाला एवढंच सांगावं: विजेच्या पंपाचा पुरवठा बंद करा, मग सर्वांत वरच्या मजल्यावरचा हायड्रंट उघडा आणि डिझेल पंप आपोआप सुरू होतो का ते आमच्यासमोर दाखवा. पाणी दर चौरस सेंटिमीटरला ३.५ किलोच्या दाबाने आलं तर सही घ्या. नाही आलं तर काय दुरुस्त करायचं ते लेखी मागा, आणि पैसे त्या कामाचे द्या.

आपली,
एक फायर इंजिनीअर
पुणे (मूळ हिंगणघाट)